लोकांच्या कौलाचा गायक

गाण्याच्या स्पर्धा भारताला नव्या नव्हत्या. नवे होते ते निकाल देणारे. २८ ऑक्टोबर २००४ रोजी सोनी दूरचित्रवाणीवर ‘इंडियन आयडॉल’ या कार्यक्रमाचे पहिले पर्व सुरू झाले आणि ५ मार्च २००५ रोजी अभिजीत सावंत या मुंबईच्या मराठी तरुणाच्या विजयाने ते समाप्त झाले. त्या सव्वाचार महिन्यांत कोणी किती सुरात गायले याची चर्चा घरोघरी झाली. परंतु गायक कोणी निवडावा, हा त्याहून जुना प्रश्न त्या वेळी एका निराळ्याच रीतीने सोडविला गेला, त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

पूर्वी हा अधिकार गुरूचा होता, नंतर दरबाराचा, आणि संस्थाने लयाला गेल्यावर तो काही अंशी आकाशवाणीकडे आला. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दीत कलावंतांच्या ध्वनिचाचणीची पद्धत कडक करण्यात आली आणि तिची धुरा पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारख्या अधिकारी संगीतज्ञाकडे देण्यात आली. गाणाऱ्याचा चेहरा परीक्षकांना दिसू नये, त्यांनी केवळ आवाज ऐकावा, असा या पद्धतीमागील विचार होता. नावाजलेल्या कलावंतांना पुन्हा परीक्षेला बसणे अपमानास्पद वाटले आणि त्यांनी निषेधही केला. तो निषेध सर्वस्वी अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. तथापि तत्त्व स्पष्ट होते : गाण्याचा निवाडा जाणत्याने करावा, आणि तो कानांनी करावा.

चित्रपटसंगीताच्या क्षेत्रातही हेच तत्त्व थोड्या व्यावहारिक रूपात नांदत होते. १९५७ च्या सुमारास मर्फी या रेडिओ बनविणाऱ्या कंपनीच्या नावाने ‘मेट्रो-मर्फी’ ही अखिल भारतीय गायनस्पर्धा भरली. तिच्या परीक्षकांत नौशाद, सी. रामचंद्र, वसंत देसाई, अनिल विश्वास आणि मदनमोहन असे संगीतदिग्दर्शक होते. महेंद्र कपूर विजयी झाले. त्यानंतर नौशादांनी ‘सोहनी महिवाल’मध्ये आणि सी. रामचंद्रांनी व्ही. शांतारामांच्या ‘नवरंग’मध्ये त्यांना गाणी दिली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्यांनी गुण दिले त्यांच्याच हाती गाणी होती. परीक्षकाने ‘उत्तम’ म्हणावे आणि त्याच परीक्षकाने पुढे त्या आवाजासाठी चाल बांधावी, इतका सरळ तो व्यवहार होता.

दूरचित्रवाणीच्या खासगी वाहिन्या आल्यावरही काही वर्षे ही रीत टिकली. झी वाहिनीवर १९९५ साली ‘सा रे ग म’ सुरू झाला तेव्हा निवाडा शास्त्रीय संगीतातील आणि चित्रसंगीतातील जाणत्यांकडेच होता. सूत्रसंचालन सोनू निगम या उमेदीच्या गायकाकडे होते. दूरदर्शनच्या ‘मेरी आवाज सुनो’ या स्पर्धेत १९९६ मध्ये सुनिधी चौहान ही मुलगी पहिली आली आणि थोड्याच वर्षांत पार्श्वगायिका म्हणून मान्यता पावली. श्रेया घोषालची कथा तर सर्वश्रुत आहे. ‘सा रे ग म’च्या मंचावर तिला गाताना संजय लीला भन्साळी यांच्या आईने पाहिले, तिने मुलाला बोलावून ते गाणे ऐकविले, आणि २००२ च्या ‘देवदास’मध्ये श्रेयाचा आवाज साऱ्या देशाने ऐकला. लक्षावधी प्रेक्षकांनी ती स्पर्धा पाहिली असेल. पण कामास आली ती एका चित्रपटदिग्दर्शकाच्या घरातील एका वडीलधाऱ्या स्त्रीची दाद.

‘इंडियन आयडॉल’चे मूळ याहून अगदी वेगळ्या भूमीत होते. इंग्लंडमध्ये सायमन फुलर यांच्या कल्पनेतून ‘पॉप आयडॉल’ हा कार्यक्रम ऑक्टोबर २००१ मध्ये सुरू झाला. परीक्षकांनी हजारोंतून थोडे निवडावेत आणि त्यानंतर दर आठवड्याला प्रेक्षकांनी दूरध्वनीवरून मते द्यावीत. ज्याला सर्वांत कमी मते पडतील त्याने निरोप घ्यावा, अशी त्याची रचना होती. फेब्रुवारी २००२ मधील अंतिम फेरीत सुमारे ८७ लाख मते पडली आणि विल यंग याने गॅरेथ गेट्स याच्यावर मात केली. त्याच वर्षी अमेरिकेत याच धर्तीच्या स्पर्धेत केली क्लार्कसन ही तरुणी विजयी झाली. या दोन्ही देशांत गायकाची ध्वनिमुद्रिका गायकाच्या नावावर खपते. आज ज्याने मत दिले तोच उद्या दुकानात जाऊन तिची किंमत मोजणार, हे तेथील व्यापाराचे गृहीत होते. मतदान म्हणजे एका अर्थी मालाची आगाऊ मागणी नोंदविणेच होते, आणि आयोजकांनी ते कधी फारसे लपविलेही नाही.

हीच रचना २००४ मध्ये भारतात आली. अनु मलिक, सोनू निगम आणि फराह खान असे तीन परीक्षक नेमले गेले. नऊ वर्षांपूर्वी सूत्रसंचालन करणारा सोनू निगम आता न्यायासनावर होता. फराह खान या नृत्यदिग्दर्शिका. ‘मैं हूँ ना’ हा त्यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट त्याच वर्षी आलेला. गाण्याच्या परीक्षेस नृत्यदिग्दर्शिका कशाला, असा प्रश्न पंडित रातंजनकरांच्या पिढीला पडला असता. पण येथे गाणे डोळ्यांनीही तोलायचे होते. उभे राहण्याची ढब, पोशाख, प्रेक्षकांकडे पाहण्याची धिटाई, या सर्वांची नोंद होत होती. आकाशवाणीने जो चेहरा परीक्षकांपासून जाणूनबुजून दूर ठेवला होता, तोच या स्पर्धेने समोर आणून बसविला. मिनी माथुर आणि अमन वर्मा हे सूत्रसंचालक उमेदवारांच्या आशा-निराशांना वाचा फोडीत. मोठमोठ्या रांगा, बेसूर गाणाऱ्यांची फजिती, नापसंतीनंतरचे अश्रू, हेही कार्यक्रमाचा भाग होते. फजितीचा तो भाग करमणुकीचा असला तरी सुसंस्कृत नव्हता.

या पर्वाला काळाची साथ विलक्षण लाभली. २००३ पासून मोबाइलवर येणाऱ्या कॉलचे पैसे पडेनासे झाले होते आणि साधा माणूसही ते यंत्र बाळगू लागला होता. ज्या ऑक्टोबर महिन्यात ही स्पर्धा सुरू झाली, त्याच महिन्यात भारतातील मोबाइल जोडण्यांची संख्या तारेच्या दूरध्वनींच्या पुढे गेली. एसएमएस पाठवून आपल्या पसंतीचा गायक वाचविता येतो, हा अनुभव घेणारी ती पहिलीच पिढी होती. त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत लोकसभेच्या निवडणुकीत प्रथमच सर्व मतदारसंघांत मतदानयंत्रे वापरली गेली होती. एकाच वर्षात दोनदा बटण दाबून कौल दिला गेला. फरक इतकाच की, निवडणुकीत एकाला एकच मत असते आणि त्याचा खर्च सरकार सोसते. येथे मतदार स्वतः पैसे मोजी आणि मोजील तितकी मते देऊ शके. त्याला लोकशाही म्हणण्याचा मोह अनेकांना झाला; कौल म्हणणेच अधिक योग्य.

शेवटच्या टप्प्यावर तिघे उरले : अभिजीत सावंत, भिलाईचा अमित साना आणि राहुल वैद्य. तिघांत दोघे मराठी. प्राजक्ता रानडे, अदिती पॉल यांसारख्या तयारीच्या गायिका त्याआधीच बाहेर पडल्या होत्या. स्त्रियांच्या वाट्याला हा मान यायला मार्च २००९ उजाडावा लागला. त्या वर्षी त्रिपुराच्या सौरभी देबबर्मा चौथ्या पर्वात विजयी झाल्या. ज्या देशात लता आणि आशा या दोन बहिणींनी अर्धशतक गाजविले, त्या देशातील प्रेक्षकांनी पहिल्या तिघांत एकाही स्त्रीला राखू नये, हे चमत्कारिक खरेच. मत देणारा बहुधा गळ्याला नव्हे, तर आपल्या घरातील वाटणाऱ्या मुलाला मत देत होता. अभिजीतचे यश याच आपलेपणात होते. मध्यमवर्गीय घरातील, हसतमुख, गोड आणि मवाळ आवाजाचा हा मुलगा. गाण्यात मोठी आतषबाजी नाही, पण खोटेपणाही नाही. अमित साना दुसरा आणि राहुल वैद्य तिसरा आला.

लगेच २००५ मध्येच ‘आप का अभिजीत सावंत’ हा गीतसंग्रह बाजारात आला आणि त्यातील ‘मोहब्बतें लुटाऊँगा’ हे गीत लोकप्रिय झाले. त्याच वर्षीच्या ‘आशिक बनाया आपने’ या चित्रपटात त्याला पार्श्वगायनही मिळाले. परंतु त्यानंतरचा ओघ मंदावला. याचे खापर गायकाच्या गळ्यावर फोडणे अन्यायाचे होईल. भारतात गाणे चित्रपटाचे असते. ऐकणारा ते गाणे नटाच्या ओठांवर पाहतो आणि चित्रपटाच्या नावाने लक्षात ठेवतो. गायकाच्या स्वतंत्र संग्रहाची बाजारपेठ येथे मुळातच लहान, आणि नक्कल करण्याची साधने घरोघर पोचल्यामुळे त्या वर्षांत तीही आटत चाललेली. महेंद्र कपूरांना निवडणाऱ्यांच्या हाती गाणी होती. अभिजीतला निवडणाऱ्यांच्या हाती प्रेम होते, पण गाणे एकही नव्हते. ज्यांच्याकडे गाणी होती त्या संगीतदिग्दर्शकांना, ज्याचा चेहरा साऱ्या देशाने ओळखला आहे अशा गायकाची मुळी गरजच नव्हती. पार्श्वगायकाला पडद्यामागे राहावे लागते. परदेशी रचना जशीच्या तशी उचलली गेली, पण जो संगीतव्यापार गृहीत धरून ती उभी होती, तो येथे नव्हता.

अभिजीत २००७ च्या डिसेंबरमध्ये जकार्ता येथे ‘एशियन आयडॉल’मध्ये भारताचा प्रतिनिधी म्हणून गायला, तो मान सिंगापूरच्या हादी मिर्झा याला मिळाला. निरनिराळ्या स्पर्धांतील गायकांना एकत्र आणणाऱ्या ‘जो जीता वही सुपरस्टार’ या २००८ च्या स्पर्धेत राहुल वैद्य, म्हणजे पहिल्या पर्वातील तिसरा, अव्वल ठरला. एकदा लोकांनी निवडलेल्यांना पुन्हा पुन्हा लोकांपुढेच उभे राहावे लागले. २००९ मध्ये ‘लॉटरी’ या चित्रपटात अभिजीतने अभिनयही करून पाहिला.

मराठी चित्रसंगीतात मात्र त्याच्या वाट्याला एक खरे गाणे आले. २०१३ च्या ‘मंगलाष्टक वन्स मोअर’ या चित्रपटात संगीतकार नीलेश मोहरीर यांनी ‘सर सुखाची श्रावणी’ हे युगुलगीत त्याच्याकडे दिले. ते मराठी घरांत, लग्नसमारंभांत आणि गाण्यांच्या कार्यक्रमांत रुळले. त्याच्यासोबत गाणाऱ्या होत्या बेला शेंडे. आणि त्या आल्या होत्या ‘सा रे ग म’च्या, म्हणजे जाणत्यांनी निवाडा करण्याच्या जुन्या मंचावरून.