इंदूरचे खत आणि यशवंत वाड

इंदूर म्हटले की आपल्याला अहिल्याबाई आठवतात, होळकरांचा राजवाडा आठवतो आणि खवय्यांना सराफा आठवतो. पण जगभरच्या शेतीच्या पुस्तकांत इंदूरचे नाव गेले ते खतामुळे. कंपोस्ट करण्याच्या एका रीतीला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आला. बिहारमधील पुसा येथे त्याने बरीच वर्षे काम केले. पिकांवरच्या किडी आणि इथले शेतकरी हेच आपले खरे गुरू, असे तो मानत असे. १९२४ मध्ये होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली आणि हॉवर्ड तिचा संचालक झाला. संस्था मुख्यतः कापसासाठी होती. पण जमिनीतच कस नसेल तर नुसते चांगले बियाणे काय करणार? शेतकऱ्याकडे गुरे होती, पण शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात आणि गोमूत्र गोठ्यातच जिरून जाई. विकतचे खत गरिबाला परवडणारे नव्हते.

त्यावर काढलेला उपाय अगदी घरगुती होता. गुरांच्या पायाखाली माती पसरायची, म्हणजे मूत्र तिच्यात मुरते. ही माती, शेण, चुलीतली राख आणि शेतातला पालापाचोळा, काड्या, तण हे सगळे ३० फूट लांब व १४ फूट रुंद अशा उथळ खड्ड्यात थरांनी भरायचे. पाणी शिंपडून ओल राखायची. ढीग तीन वेळा पलटायचा, म्हणजे आत हवा खेळते. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग रचायचे. कुजवण्याचे काम करतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांना हवा, ओल आणि योग्य मिश्रणाचे खाद्य मिळाले की झाले.

१९३१ मध्ये या प्रयोगांवरचे पुस्तक ऑक्सफर्डने छापले. त्यावर नावे दोन आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे त्याच संस्थेतले हॉवर्डचे सहकारी. पेशवे दप्तरातील निवडी करणारे गणेश चिमणाजी वाड यांच्यामुळे हे आडनाव आपल्या इतिहासाच्या वाचकांना परके नाही. पुढे हॉवर्डला ‘सर’ किताब मिळाला, १९४० सालचे त्याचे पुस्तक सेंद्रिय शेतीवाल्यांची पोथीच बनले, तो त्या चळवळीचा जनक ठरला. वाडांचे नाव मात्र पुस्तकांच्या याद्यांत तेवढे उरले. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या गांधीजींनी ही संस्था पाहिली आणि ‘हरिजन’मधून या खताची माहिती खेड्यांपर्यंत पोचवली. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे.

हा इतिहास मी उकरून काढला तो सशांमुळे! आमच्या वाड्यावरच्या एका शेजाऱ्याने चार ससे पाळले आहेत. पिंजऱ्याखाली लेंड्यांचा ढीग साचतो, मुताचा उग्र वास येतो, आणि घरची माणसे ‘हे एकदाचे टाकून द्या’ म्हणून मागे लागतात. खरे तर हे सोने आहे. ससा आपल्या मऊ लेंड्या स्वतःच परत खातो. दोनदा पचून उरलेल्या कोरड्या लेंड्या तेवढ्या खाली पडतात. ओल्या शेणापेक्षा त्यांत नत्र कितीतरी जास्त असते, आणि कोंबडीच्या विष्ठेसारख्या त्या झाडाला जाळत नाहीत. वास येतो तो मुताचा, म्हणजे तिथेही नत्रच हवेत उडून चाललेले असते.

हॉवर्ड-वाडांच्या पुस्तकातला विचार बैलांच्या गोठ्याचा, पण पिंजऱ्यालाही तो चपखल लागू पडतो. खाली सुकी माती व पाचोळा पसरायचा, आठवड्याने तो लेंड्यांसकट उचलायचा, आणि पोफळीचा पाला, माडाच्या चुडतांचे तुकडे, राख घालून ढीग रचायचा. आपल्या गोव्याच्या पावसात खड्डा नकोच. उंचवट्यावर ढीग आणि वर चुडतांचे छप्पर. भाजीच्या वाफ्यात तर असे कुजवलेलेच खत घालावे.

आपल्या कुळागरांत हे शहाणपण पूर्वीपासून होते. पाला, शेण, राख यांतले काहीच वाया जात नसे. आता गोठे ओस पडले, पाचोळ्याला काडी लावली जाते आणि युरियाची पिशवी मात्र दुकानातून येते. ज्या अडचणीतून इंदूरला १९२४ नंतर वाट निघाली, त्याच अडचणीत आपण हौसेने परत शिरतो आहोत. शेजाऱ्याने निदान ढीग रचायला घेतला आहे. तीन महिन्यांनी त्यातले टोपलीभर खत माझ्या मिरच्यांना मिळणार आहे. तेव्हा हॉवर्डसाहेबांच्या बरोबरीने यशवंत वाडांचीही आठवण काढू, एवढेच.