अबोली, सामन आणि रिक्षा

मंडळी, ह्या वेळी जरा रंगाविषयी. गुलाबी आणि नारिंगीच्या मधे जो रंग आहे त्याला इंग्रजीत नावं भरपूर: सामन (मासा), कोरल (पोवळं), पीच (फळ). आम्हा वेबवाल्यांना त्यातली काही ब्राउझरमध्ये फुकट मिळतात. 'सामन' लिहिलं की लाल २५०, हिरवा १२८, निळा ११४. ही नावं १९८० च्या दशकातल्या एक्स विंडो सिस्टममधून वेबवर आली. त्या यादीत अबोली अर्थातच नाही. (यादी करणाऱ्यांनी गजरा पाहिला नसणार!)

आपल्याकडे दादरला काय किंवा भूम तालुक्यातल्या ईटला काय, 'सामन' म्हणून साडी मागितली तर पंचाईत. अबोली किंवा गाजरी म्हणा, लगेच गठ्ठा पुढ्यात येतो. अबोलीला वास नाही, पण फूल पटकन कोमेजत नाही, म्हणून गजऱ्यात तिला मान.

बरं, मुद्दा रिक्षाचा. २०१६ साली राज्य सरकारने रिक्षा परवान्यांत महिलांसाठी ५ टक्के आरक्षण ठेवलं आणि त्या रिक्षांचा रंग अबोली ठरवला. डिझाइन म्हणून हे हुशारीचंच. काळ्या-पिवळ्या गर्दीत ती रिक्षा लांबून ओळखू येते. शिवाय बाईच्या नावावर परवाना काढून भलताच कोणी चालवत असेल तर तेही उघड दिसतं. परवान्यावरचा एक रकाना थेट पत्र्यावर रंगवला म्हणा ना!

पण चालवणारीच्या बाजूने बघा. रिक्षाचा हप्ता फेडायचा तर गाडी दोन पाळ्यांत फिरलेली बरी. रात्री नवरा किंवा भाऊ त्याच रिक्षावर बसला की रंगच चुगली करणार. विकायला काढली तर गिऱ्हाईकही मोजकंच. आणि रात्री उशिरा एकटी बाई कुठली गाडी चालवतेय हे प्रवाशाला कळतं तसं टवाळखोरालाही कळतं. लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने १८९३ साली असाच सामनछाप कागद घेतला तो उठून दिसायला, पण तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. इथे रंग सरकारने दिला. त्या बायकांना निवडायला सांगितलं असतं तर त्यांनी काळा-पिवळाच घेतला असता असं मला आपलं वाटतं.

असो. २०२४ च्या अर्थसंकल्पात राज्याने १७ शहरांतल्या १०,००० महिलांसाठी नवी योजना जाहीर केली. ह्या खेपेला रिक्षा विजेवरची, रंग गुलाबी, आणि नाव 'पिंक ई-रिक्षा'.