पत्त्याचा हक्क



आजचा विषय यंत्राचा आहे, पण मी यंत्रज्ञ नव्हे. आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळा अर्ध्यावर सुटली आणि पुढे जे शिकलो ते गरजेपोटी. हा विषयही तसाच अंगावर आला. सभासदांच्या वर्गणीची आणि तक्रारींची नोंद दुसऱ्याच्या दारात न ठेवता आपल्याच कचेरीतील संगणकावर ठेवावी, आणि कारखान्याच्या गेटवरील कार्यकर्त्याला ती तेथून पाहता यावी, असा आमच्या कार्यकारिणीने ठराव केला. संगणक आणला. ब्रॉडबँडची जोडणी होतीच. परंतु कचेरीतून साऱ्या जगाला हाक मारता येई, आणि बाहेरून आमच्या संगणकाला मात्र कोणाला हाक मारता येईना. कारण विचारले, तेव्हा जोडणी देणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, "तुम्हाला स्वतःचा पत्ताच नाही." कोट्यवधी घरे व कचेऱ्या अशा बिनपत्त्याच्या का झाल्या, हे शोधू लागलो. त्या शोधाची ही हकीकत आहे.

इंटरनेटचा पाया ज्या विचारावर उभा आहे, तो व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली एका निबंधात मांडला. त्यातून घडलेली पत्त्यांची पद्धत १९८१ च्या सप्टेंबरात पक्की झाली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे नव्या नियमांवर आले. प्रत्येक यंत्राला बत्तीस द्विमान अंकांचा एक पत्ता, आणि तो साऱ्या जगात एकमेव, असा नियम होता. मधल्या यंत्रांनी टपाल पुढे पोचवावे, त्यात ढवळाढवळ करू नये. शहाणपण दोन्ही टोकांना असावे, वाटेत नसावे, ही त्यामागची दृष्टी. तेथे बोलणारा आणि केवळ ऐकणारा अशा दोन जाती नव्हत्या.

बत्तीस अंकांतून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. संशोधन संस्थांच्या त्या छोट्या जगाला हा साठा अक्षय वाटला असल्यास नवल नाही. वाटपही तसेच सढळ हाताने झाले. एमआयटी या एका शिक्षणसंस्थेच्या वाट्याला १,६७,७७,२१६ पत्ते गेले, म्हणजे साऱ्या साठ्याचा दोनशेछप्पन्नावा भाग. फोर्ड या मोटार कंपनीलाही तेवढेच. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पहिली पंगत उठल्यावर आपण मांडवात शिरलो! पुढे २०१७ साली एमआयटीने आपल्या न वापरलेल्या पत्त्यांचा मोठा हिस्सा विकायला काढला, यावरून ताटात किती उरले होते ते समजावे.

तुटवड्याची चाहूल १९९० च्या सुमारासच लागली होती. १९९३ साली वाटपाचे नियम बदलून पत्ते लहान तुकड्यांत देण्याची सोय झाली. मग १९९४ च्या मे महिन्यात एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी एक तोडगा प्रसिद्ध केला. त्याचे नाव पत्ता-बदल, अर्थात नॅट. घरातील यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते द्यायचे. असे पत्ते घरोघरी तेच ते असतात आणि बाहेर चालत नाहीत. टपाल बाहेर जाताना राउटर त्यावरील खासगी पत्ता खोडून आपला एकमेव खरा पत्ता लिहितो आणि आपल्या वहीत नोंद करतो. उत्तर आले की वही पाहून ते योग्य यंत्राला देतो. पण बाहेरून कोणी आपण होऊन आला, तर वहीत त्याची नोंद नसते, आणि तो दारातूनच परत जातो.

हा उपाय अल्पकाळासाठी आहे, असे त्याच्या कर्त्यांनीच लिहून ठेवले होते. त्याच वर्षी जुलैत काही जाणत्यांनी खासगी पत्त्यांना लेखी विरोधही केला. पत्ता साऱ्या जगात एकमेव असावा हे तत्त्व सोडू नका, असे त्यांचे सांगणे होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. बदली कामगार म्हणून लागलेला माणूस वर्षानुवर्षे बदलीच राहिलेला आम्ही पाहिला आहे. तात्पुरत्या गोष्टी चिवट असतात.

३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती कोठारातील शेवटचे पाच मोठे गट जगाच्या पाच विभागांना वाटले गेले आणि कोठार रिकामे झाले. आपल्या आशिया-प्रशांत विभागाचा साठा त्याच एप्रिलात शेवटच्या गटावर आला. मग पुरवठादार आपल्या कचेरीतही पत्ता-बदल करू लागले. त्यासाठी २०१२ साली १००.६४ पासूनचा एक गट राखून ठेवण्यात आला. शेकडो गिऱ्हाइके एका पत्त्याआड गेली. घरच्या राउटरमध्ये एखादी खिडकी उघडता येते, पण पुरवठादाराच्या दाराची किल्ली गिऱ्हाइकाजवळ नसते. आमची कचेरी अशाच दाराआड होती.

दरमहा जादा पैसे मोजून आम्ही आठ सार्वजनिक पत्त्यांचा गट घेतला. केवळ उदाहरणांसाठी राखलेल्या अंकांत सांगतो. २०३.०.११३.८ ते १५ असा गट धरा. पहिला अंक गटाच्या नावाचा, शेवटचा सर्वांना एकदम पुकारण्याचा. ९ हा राउटरच्या आतल्या बाजूस दिला. उरले १० ते १४, म्हणजे पाच यंत्रांपुरते पत्ते. जाळ्याचा मुखवटा २५५.२५५.२५५.२४८. राउटरच्या बाहेरच्या बाजूस पुरवठादाराने वेगळा पत्ता दिला आणि आमच्या गटाचे टपाल तिकडे वळवले. मग राउटरमधील पत्ता-बदल बंद केला. काम एवढेच. त्या दिवशी गेटवरच्या कार्यकर्त्याने आमची वही उघडली.

यावर एक आक्षेप येतो, की पत्ता-बदलामुळे संरक्षण मिळते, ते का घालवता? आक्षेप पोकळ नाही. ज्या यंत्राला पत्ता आहे, त्याच्या दारावर चोरही येतो. परंतु पत्ता नसणे आणि दाराला कडी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडीचे काम फायरवॉलचे. पत्ता-बदल बंद करताना ती चालू आहे ना, हे प्रथम पाहिले पाहिजे. आम्ही नोंदवहीपुरते एकच दार उघडे ठेवले, तेही संकेतशब्द आणि गुप्तलिपी यांच्या पहाऱ्यात. बाकी सारी बंद. फरक एवढाच की कोणते दार उघडावे हे आता आम्ही ठरवतो.

पैसे देऊन आठ पत्ते घेणे हा सर्वांचा मार्ग नव्हे. खरा उपाय १९९५ च्या डिसेंबरातच मांडला गेला होता. एकशेअठ्ठावीस अंकांच्या त्या पत्त्याला आयपीव्ही-सहा म्हणतात. त्यातील पत्त्यांची संख्या एकोणचाळीस आकडी आहे. घरातील प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता देऊनही ती सरणार नाही. २०१६ नंतर, मुख्यतः मोबाईलमुळे, या पद्धतीच्या वापरात आपला देश जगाच्या आघाडीवर आला. उशिरा आलेल्यांना ही पंगत तरी पुरी मिळाली. पण पत्ता मिळूनही दाराची कडी पुरवठादाराच्याच हाती राहिली, तर आपण पुन्हा होतो तेथेच. तेव्हा घरी जोडणी घेताना वेग किती आणि भाडे किती, एवढेच विचारून थांबू नका. आमच्या यंत्राला स्वतःचा पत्ता आहे काय, आणि कडी कोणाच्या हाती, हेही विचारा. ज्याला हाक मारता येते पण ज्याला कोणी हाक मारू शकत नाही, तो जाळ्यात गिऱ्हाईक असतो, नागरिक नसतो.