सॅकरिनपासून सुक्रालोजपर्यंत : साखरेच्या पर्यायांचा वादग्रस्त इतिहास

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने २०२४ साली एका साध्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. टाइप-२ मधुमेहाच्या १७९ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाने चहा-कॉफीत नेहमीची साखर चालू ठेवली, दुसऱ्याने तिच्या जागी सुक्रालोज घेतले आणि बारा आठवड्यांनी दोघांची तुलना झाली. साखर आणि तिचा पर्याय एकाच तराजूत तोलण्याची ही रीत आज स्वाभाविक वाटते. इतिहासात मात्र हा वाद बहुतेक वेळा साखरेला बाजूला ठेवूनच झाला.

१८७९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, आयरा रेम्सन यांच्या प्रयोगशाळेत, कोन्स्टान्टिन फालबर्ग दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या संयुगांवर काम करीत होते. हात नीट न धुता ते जेवायला बसले आणि पाव गोड लागला. साखरेच्या लॅटिन नावावरून त्या पदार्थाला सॅकरिन म्हटले गेले. त्या लॅटिन शब्दाचे मूळ संस्कृत ‘शर्करा’. म्हणजे डांबरातून आलेल्या गोडीला नाव मिळाले ते उसाच्या देशातले.

बीटाची साखर पिकविणाऱ्या जर्मनीला ही स्वस्त गोडी मानवणारी नव्हती. १९०२ च्या कायद्याने तेथे सॅकरिन औषधालयांपुरते मर्यादित झाले आणि स्वित्झर्लंडमधून त्याची चोरटी वाहतूक जोरात चालू लागली. या निर्बंधामागे आरोग्याच्या काळजीपेक्षा साखर कारखानदारीचे हित अधिक होते. अमेरिकेत अन्नशुद्धीचे कैवारी हार्वे वायली यांनी सॅकरिनविरुद्ध तक्रार मांडली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट संतापले. त्यांचे डॉक्टर त्यांना ते रोज देत असत! पुढे पहिल्या महायुद्धातील साखरटंचाईने सॅकरिन घरोघरी पोहोचविले.

कर्करोगाची भीती आली ती उंदरांमुळे. १९६९ मध्ये सायक्लामेट अमेरिकेच्या बाजारातून गेले. १९७७ मध्ये कॅनडातील प्रयोगांच्या आधारे सॅकरिनवरही बंदीचा प्रस्ताव आला. पण लोकक्षोभ इतका झाला की काँग्रेसने बंदी रोखून वेष्टनावर केवळ इशारा छापायला लावला. नंतर उलगडा झाला, की फार मोठ्या मात्रेत सॅकरिन दिल्यास नर उंदरांच्या मूत्रात सूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि त्यांनी मूत्राशयाचे अस्तर दुखावते. माणसाच्या मूत्राची घडण तशी नाही. २००० साली तो इशारा काढला गेला.

साखरेची चौकशी मात्र इतक्या कठोरपणे झाली नाही. १९६७ मध्ये एका ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात हृदयविकारातील साखरेचा वाटा कमी लेखणारा आढावा आला. हार्वर्डच्या त्या लेखकांना साखर उद्योगाच्या संस्थेने पैसे दिले होते, हे २०१६ मध्ये उघड झाले.

सुक्रालोजच्या जन्मकथेत एक भारतीय नाव आहे. १९७६ मध्ये लंडनमध्ये शशिकांत फडणीस यांना साखरेपासून बनविलेले एक क्लोरीनयुक्त संयुग तपासण्यास सांगितले गेले. इंग्रजी ‘टेस्ट’ त्यांना ‘टेस्ट’च्या जवळचे ‘टेस्ट’ म्हणजे चव असे ऐकू आले आणि त्यांनी ते जिभेवर ठेवले. हा पदार्थ साखरेच्या सुमारे सहाशेपट गोड निघाला.

२०२३ मध्ये वादाला पुन्हा धार चढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ॲस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकले. त्याच वेळी तिच्या अन्नविषयक तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅमची मर्यादा कायम ठेवली. पहिली संस्था धोक्याची शक्यता पाहते, दुसरी मात्रा. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत, असेही संघटनेने त्याच वर्षी सुचविले. पण ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती शिफारस लागू नव्हती. हा अपवाद मथळ्यांत मावणारा नव्हता. भारतात तो क्षुल्लक नाही, कारण आयसीएमआरच्या पाहणीनुसार येथे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. दुसरीकडे, इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०२२ मध्ये १२० निरोगी व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात सॅकरिन आणि सुक्रालोज यांनी ग्लुकोज हाताळण्याची शरीराची क्षमता मंदावल्याचे आढळले. तेव्हा हे पदार्थ शरीराच्या लेखी नसल्यासारखेच आहेत, असेही म्हणता येत नाही.

चेन्नईच्या चाचणीत सुक्रालोज घेणाऱ्यांचे वजन आणि कमरेचा घेर किंचित घटला. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा, मात्र दोन्ही गटांत लक्षणीय वेगळी नव्हती. यात नवल नाही. भारतीय आहारातील निम्म्याहून अधिक ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि त्यांत मोठा वाटा भाताचा व गव्हाचा असतो. चहातली साखर बदलली, ताट तेच राहिले.