सजेआधीची कैफियत

मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्द यांच्यामधून मुळा-मुठा वाहते. याच नदीच्या वरच्या अंगाला येरवड्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील चौघांना 1983 मध्ये तिथेच फाशी झाली. फाशी दिल्यावर फैसला बदलण्याची सोय उरत नाही. म्हणूनच सजा ठरवण्याआधी गुन्हेगाराची कैफियत कोणी आणि कधी ऐकायची, हा प्रश्न मोठा आहे.

आम्ही शिक्षक हे वर्गात रोज अनुभवतो. मुलाची चूक सिद्ध झाली तरी ती का घडली हे न विचारता दिलेली सजा त्याला सुधारत नाही. कायद्याला हे शहाणपण उशिरा सुचले. 1 एप्रिल 1974 पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 235(2) ने दोष सिद्ध झाल्यावर सजेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकणे बंधनकारक केले. पंजाबच्या संता सिंग खटल्यात ही पायरी गाळली गेली होती. 1976 मध्ये न्या. भगवती व न्या. फझल अली यांनी दोष कायम ठेवला, फाशी रद्द केली आणि खटला सजेपुरता सत्र न्यायालयाकडे परत पाठवला.

पुढच्याच वर्षी परभणी जिल्ह्यातील मानवत हत्याकांडाचे अपील आले. त्यात पुण्यात जन्मलेले न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी दुसरी बाजू मांडली. ऐकणे राहिले म्हणून प्रत्येक खटला खाली पाठवू नये. वरचे न्यायालयही ऐकू शकते, परत पाठवणे हा अपवाद असावा. यातही इन्साफ आहे. ज्यांच्या मुली गेल्या, त्या घरांनी किती वर्षे तारखा मोजायच्या?

पण चुकीच्या फैसल्याची किंमतही महाराष्ट्राने पाहिली. नाशिकजवळच्या 2003 च्या हत्याकांडात भटक्या जमातीचे सहा जण पकडले गेले. उच्च न्यायालयाने त्यांतील तिघांना जन्मठेप दिली होती. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2018 मध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल मागे घेतला, अपील नव्याने ऐकले आणि 5 मार्च 2019 रोजी सर्वांना निर्दोष सोडले. प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. गेलेली वर्षे कोण भरून देणार?

नागपूरच्या 2008 मधील एका बालिकेच्या हत्येत 2014 साली फाशी कायम झाली. पुढे फेरविचार अर्ज फेटाळला गेला, राष्ट्रपतींनी दयाही नाकारली. तरी 25 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सजेचा प्रश्न पुन्हा खुला केला. सजेआधी आरोपीची मानसिक स्थिती, बालपण, तुरुंगातील वर्तन तपासावे, असे 2022 च्या मनोज खटल्यात ठरले होते. इथे ते झालेच नव्हते. दोष मात्र कायम राहिला.

1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. जुने कलम 235 आता 258 झाले. आकडा बदलला, प्रश्न तोच आहे. तो पहिल्याच न्यायालयात मनापासून विचारला गेला, तर सतरा वर्षांनी मागे फिरण्याची वेळ कोणावर येणार नाही. ना आरोपीवर, ना त्या बालिकेच्या घरावर.