किल्लारी आणि वीस मीटर वायर

मराठवाड्याबाहेरच्या मित्रांना किल्लारी म्हटलं की एकच गोष्ट आठवते. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून लोक झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता ६.२. आकडा तसा फार राक्षसी नाही, पण केंद्र उथळ होतं, घरं दगड-मातीची आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत मिळून किमान साडेसात-आठ हजार माणसं गेली. काही नोंदींत हा आकडा दहा हजारांजवळ जातो.

मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. त्यामुळे मला पडणारा प्रश्न थोडा आमच्या धंद्यातला आहे: ही बातमी बाहेर कशी गेली असेल? भारतातला पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला, म्हणजे भूकंपानंतर जवळपास दोन वर्षांनी. फोन म्हणजे खांबावरची तार, आणि भिंती पडतात तिथे खांबही धड राहत नाहीत. पुण्या-मुंबईत बसलेल्या माणसाला घरचे आहेत की नाहीत हे कळायला मार्गच नाही. कल्पना करा.

अशा वेळी जे उपयोगी पडले त्यांत हॅम मंडळी होती. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन, लायसन्स काढून, स्वतःच्या रेडिओ सेटवर जगाशी बोलणारे लोक. १९९३ ला किल्लारी-लातूर भागात आणि पुढे २००१ ला गुजरातमध्येही त्यांनी निरोप पोचवायचं काम केलं. आता सेट आणि गाडीची बॅटरी कुणीही उचलून नेईल. खरी गोम आहे अँटेनात.

सगळ्यात स्वस्त अँटेना म्हणजे डायपोल. तांब्याच्या वायरीचे दोन सारखे तुकडे, मधोमध केबल, टोकांना इन्सुलेटर, आणि बांधायला दोन झाडं. लांबीचं गणित सोपं: १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये. ७.०५ मेगाहर्ट्झसाठी साधारण २०.३ मीटर. १४.१५ साठी १०.१. ३.६ साठी जवळपास ४० मीटर.

मग एकच बँड धरून का बसू नये? कारण किल्लारीहून सरळ रेषेत हैदराबाद साधारण २१५ किलोमीटर, पुणे तीनशेच्या आत-बाहेर, मुंबई चारशेच्या थोडं पुढे आणि दिल्ली साडेअकराशेच्या वर. या लहरी वर आयनोस्फिअरला आपटून खाली येतात. ७ मेगाहर्ट्झ दिवसा पुण्या-मुंबईला मस्त चालतो. रात्री वरचा थर विरळ होतो, मग जवळच्या गप्पांना ३.५ लागतो, पण तोच ३.५ दिवसा खालच्या थरात शोषला जातो. १४ मेगाहर्ट्झ दिल्ली गाठेल, पण हैदराबादच्या डोक्यावरून निघून जाईल. थोडक्यात काय, बँड निवडायचा तो अंतर आणि घड्याळ बघून. एकच बँड म्हणजे आपल्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर!

बरं, एकच वायर सगळीकडे का नाही चालत? ७ चा डायपोल २१ वर बऱ्यापैकी चालतो, कारण तिप्पट फ्रिक्वेन्सीला मधल्या बिंदूवर पुन्हा करंट जास्त आणि रोध कमी असतो (रेझोनन्स जरा वर सरकतो, तेवढं चालवून घ्यायचं). पण दुप्पट म्हणजे १४ ला मधोमध रोध हजारो ओहम होतो आणि सेट जवळपास सगळी पॉवर परत आलेली बघतो. उपाय सोपा: एकाच केबलला वेगवेगळ्या लांबीचे दोन-तीन डायपोल पंख्यासारखे जोडायचे. ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलाल तिची वायर करंट घेते, बाकीच्या गप्प बसतात.

अगदी गप्पही नाही म्हणा. त्या एकमेकींना ओढतात. म्हणून वायर मुद्दाम थोडी लांब कापायची, सर्वांत लांब जोडीपासून सुरुवात करायची, एसडब्ल्यूआर मीटर बघत दोन्ही बाजूंनी सारखं छाटायचं आणि शेवटी सगळ्या जोड्या पुन्हा तपासायच्या. ७.०० वरून ७.०५ ला यायला प्रत्येक बाजूने जेमतेम सात सेंटिमीटर! आणि कापलेली वायर परत वाढत नाही, म्हणून शहाणे लोक कापण्याऐवजी टोक दुमडून ठेवतात. जागा बदलली, उंची बदलली, शेजारी पत्रा आला, की पुन्हा थोडं सरकवावं लागतं.

मला सर्वांत आवडलेला भाग वेगळाच आहे. पुस्तकं सांगतात, अँटेना जितकी उंच तितकी चांगली. लांबच्या गप्पांना ते खरंच. पण ७ मेगाहर्ट्झचा डायपोल पाच-सात मीटरवर बांधला तर लहरी बऱ्याचशा सरळ वर जातात आणि परतून तीन-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात पडतात. म्हणजे नेमकं पुणे, सोलापूर, हैदराबाद. टॉवर नाही, गच्ची नाही, सपाट झालेल्या गावात एक बाभूळ आणि एक बांबू उभा असला तरी काम भागतं. नियोजनाच्या पुस्तकात जी अडचण, तीच इथे सोय.

एक मात्र आहे. ही छाटाछाट भूकंपानंतर करत बसायची नसते. वायर आधीच मापून, प्रत्येक बँडची खूण करून, गुंडाळून तयार हवी. ज्यांनी कुठल्याशा रविवारी टंगळमंगळ म्हणून हे केलेलं असतं, तेच त्या दिवशी उपयोगी पडतात. बाकीच्यांची हौस कपाटात राहते.

आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, मान्य. पण मोबाईलचा टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर किती तास तग धरतो, हे एकदा विचार करून बघा. हॅमचं लायसन्स बारा वर्षांच्या पोरालाही काढता येतं. परीक्षा आपल्यासारख्या इंजिनीअर लोकांना जड नाही. वायर तर लोहार चाळीत किलोवर मिळते.

असो. वीकेंड आहे, बघा जमतंय का.