ठिकऱ्यांतून उमगलेला रेणू

1820 च्या दशकात युस्टुस लीबिग आणि फ्रीडरिश व्होलर या दोन तरुण जर्मन रसायनज्ञांत वाद पेटला. लीबिगच्या सिल्व्हर फुल्मिनेटला जरासा धक्का लागला की स्फोट व्हायचा. व्होलरचं सिल्व्हर सायनेट मात्र शांत. पृथक्करण केलं, तर दोन्हींत घटकांचं प्रमाण तंतोतंत सारखं. व्होलरचं मोजमाप चुकलं असावं, असं लीबिगला वाटलं. पण चूक कोणाचीच नव्हती. 1830 मध्ये रसायनज्ञ बर्झेलियसने अशा पदार्थांना आयसोमर, म्हणजे समघटक, म्हटलं. अणू तेच, मांडणी निराळी.

ही मांडणी पाहायची कशी, हा प्रश्न पुढे शतकभर पुरला. 1848 मध्ये लुई पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे आणि उजवे स्फटिक हाताने निवडून वेगळे केले. त्यांचे द्राव प्रकाशाची कंपनदिशा विरुद्ध बाजूंना वळवत होते. 1874 मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी कार्बनचे चार हात अवकाशात चौफेर पसरलेले मानले आणि कोडं सुटलं. तरी प्रत्यक्षात डावा रेणू कोणता, हे 1951 मध्ये बायफूट यांनी क्ष-किरणांनी दाखवलं तेव्हाच ठरलं. त्यासाठीही असंख्य रेणूंचा स्फटिक हवाच होता. वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर इथे एकटा पुरत नाही, कारण समघटकांचं वजन सारखंच असतं.

एकेका रेणूची मांडणी वाचण्याची युक्ती निघाली ती कुलोंबच्या अठराव्या शतकातल्या नियमातून: सजातीय विद्युतभार एकमेकांना दूर लोटतात. रेणूतले बरेच इलेक्ट्रॉन एका झटक्यात काढून घेतले, तर उरलेले धनभारित तुकडे एकमेकांना ढकलत सुटतात. हा झटका फेमटोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या दशलक्षाव्या भागांत, बसायला हवा. तसा तो बसला, तर अणूंना जागा बदलायला सवडच मिळत नाही आणि मूळ मांडणी तुकड्यांच्या दिशांमध्ये उतरते. वागर, नामन आणि कँटर यांनी 1989 मध्ये ‘सायन्स’मध्ये या पद्धतीचं सविस्तर वर्णन केलं. त्यांचे वेगवान रेणू अतिशय पातळ पापुद्र्यातून जाताना इलेक्ट्रॉन गमावत. पुढे हे काम लेझर आणि क्ष-किरणांनीही होऊ लागलं. प्रत्येक तुकडा शोधकावर कुठे आणि किती वेळाने आदळला, यावरून त्याचा संवेग काढतात. मात्र सगळे तुकडे एकाच रेणूचे असल्याची खात्री लागते. म्हणून लेझरच्या किंवा क्ष-किरणांच्या एका स्पंदात सरासरी एकाहून कमी रेणू फुटेल, इतका विरळ वायू घेतात.

2013 मध्ये फ्रँकफुर्टच्या गटाने ब्रोमोक्लोरोफ्लुओरोमिथेनचा रेणू पाच तुकड्यांत फोडला. फ्लोरिन, क्लोरिन आणि ब्रोमिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मांडलेले आहेत की उलट, हे त्यांच्या संवेगांवरून कळलं आणि रेणूचा डावा-उजवेपणा स्फटिकाविना ठरला. हायडलबर्गच्या गटानेही त्याच वर्षी पापुद्र्याच्या पद्धतीने तशीच ओळख पटवली. 2016 मध्ये डायब्रोमोइथीनच्या सिस आणि ट्रान्स या दोन समघटक रूपांवर प्रयोग झाला. ट्रान्स रूपात दोन ब्रोमिन समोरासमोर विरुद्ध दिशांना सुटतात आणि मधला तुकडा जवळजवळ जागीच राहतो. सिस रूपात दोन्ही ब्रोमिन एका अंगाला झुकतात, म्हणून मधल्या तुकड्याला उलट बाजूला जोराने जावं लागतं. 2022 मध्ये हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सएफईएल या क्ष-किरण लेझरवर अकरा अणूंच्या आयोडोपिरिडिनचंही चित्र मिळालं.

मला या पद्धतीचं मोल सर्वांत जास्त वाटतं ते बदलत्या रेणूंसाठी. आपल्या डोळ्यातलं रेटिनल प्रकाश पडताच सिसचं ट्रान्स होतं आणि तिथूनच दृष्टीची सुरुवात होते. एवढ्या मोठ्या रेणूपर्यंत पोचायला अजून वेळ आहे. पण लहान रेणूंवर पहिला स्पंद बदल घडवतो आणि काही क्षणांश उशिरा दुसरा स्पंद रेणू फोडतो. हा उशीर थोडाथोडा वाढवत गेलं, की बदलाचे टप्पे एकामागून एक हाती येतात. लीबिग आणि व्होलर यांच्यापुढे दोन तयार मांडण्या होत्या; आता एकीची दुसरी कशी होते, हेही तपासता येतं.